नभवीरच्या अकरा चुका

अप्पारावांनी चार छापील कागद टेबलावर ठेवले तेव्हा लीलाला वाटलं, रजांचा तक्ता असेल. २०१३ चा जुलै संपत आला होता. वेगळ्या तेलंगणाची घोषणा आज होते की उद्या, एवढीच चर्चा कार्टूनच्या स्टुडिओत चालली होती. स्टुडिओचे प्रमुख अप्पाराव मूळचे आंध्रातल्या गुंटूरकडचे, पण वीस वर्षांत हैदराबादचेच होऊन गेलेले. ते सकाळपासून कुणाशी धड बोलले नव्हते. "मॅडम, ये देखो जरा," ते म्हणाले. "कोई बैठ के अपने नभवीर की गलतियां निकाल रहा. इंटरनेटपे पूरा पन्ना बना के रखा. चॅनलवाले बंबईसे भेजे." लीलानं कागद जवळ ओढले. मजकूर इंग्रजीत होता. भाग चौथा: नभवीरच्या पट्ट्यावर सात तारे असतात, इथे सहाच आहेत. भाग सातवा: भुवईवरचा व्रण उजवीकडून डावीकडे गेला. भाग नववा: इमारत आठ मजल्यांची, मग लिफ्ट नवव्या मजल्यावर कशी थांबली. सगळं खरं होतं. आणि प्रत्येक चुकीच्या आरंभी, आकड्याच्या अलीकडे, रोमन अक्षरांत एक शब्द होता. बांगडी एक. बांगडी दोन. बांगडी तीन. "ये बांगडी क्या है?" अप्पारावांनी विचारलं. "चूडी," लीला म्हणाली, "मराठीमें चूडी को बांगडी बोलते." आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं. मांडीवरचा हात मात्र पाण्यात बुडवून काढल्यासारखा गार पडला होता, आणि तो आपलाच आहे की नाही हे बघायला तिनं दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला.

हा शब्द या अर्थानं वापरणारी जगात दोनच माणसं होती. एक ती स्वतः. दुसरा तिचा धाकटा भाऊ रामचंद्र, घरातला चंदर, जो दहा वर्षांपूर्वी घरातून गेला आणि पुन्हा आला नाही. शब्दाचा जन्म हैदराबादेतल्याच जामबागच्या जुन्या घरातला. भामाआत्या नांदेडहून आली होती. छप्पन साली नांदेड मुंबई राज्यात गेलं आणि माझी बहीण जागची न हलता परराज्यातली झाली, असं बाबा तिच्याबद्दल सांगत. त्या भेटीत फोटोग्राफर घरी बोलावला होता. त्यानं लागोपाठ दोन फोटो काढले, मध्ये मिनिटभरही गेलं नसेल. पहिल्यात आत्याच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, दुसऱ्यात मनगट मोकळं. मांडीवरच्या वर्षाच्या चंदरनं त्या मिनिटात हात ओढून खुर्चीच्या दांड्यावर आपटला होता. पुढे पाच-सहा वर्षांचा झाल्यावर त्यानं ते दोन फोटो शेजारी शेजारी धरून विचारलं, "अक्का, बांगडी कुठे गेली?" तेव्हापासून जे आधी होतं आणि लगेच नाही, ते सगळं त्यांच्या लेखी बांगडी झालं. सिनेमात नायकाचा भिजलेला सदरा पुढच्या क्षणी कोरडा दिसला की अंधारात शेजारून कोपर लागायचं आणि चंदर कुजबुजायचा, "अक्का, बांगडी." ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, पण या खेळात तो कधी तिच्या मागे पडला नाही. आणि याच खेळावर तिचं पोट चालू झालं होतं. लीला चेकर होती. चित्रमालिकेचं प्रत्येक दृश्य पुढे जाण्याआधी तिच्या टेबलावरून जायचं. मागच्या दृश्याशी त्याचा सांधा जुळतो की नाही, तारे सात आहेत की नाही, मुंगसाच्या शेपटीचं टोक पांढरं आहे की नाही, हे बघायचं आणि टिकची खूण करायची. नभवीर हा दिवसा लिफ्ट चालवणारा आणि संकट आलं की आकाशात झेपावणारा तरुण, काजळनाथ त्याचा वैरी, मुंगूस त्याचा सोबती. मुलांना मालिका आवडायची. लीलाला त्यात कथा कधी दिसलीच नाही. तिला सांधे दिसायचे.

घरी तारनाक्याला परतताना विद्यापीठाच्या फाटकाशी पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या आणि बस आडरस्त्यानं वळवली होती. तिनं पर्समधले कागद पुन्हा काढले. पान कोण लिहितं ते त्यावर नव्हतं. चंदर आता पस्तीस वर्षांचा. पस्तीस वर्षांचा पुरुष रविवारी सकाळी मुलांची मालिका का बघत असेल. म्हणजे घरात मूल असेल. तीन-चार वर्षांचं, त्याच्या मांडीवर बसणारं. आणि चंदर त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत असेल, बांगडी. त्याला मूल आहे हे तिला माहीत नव्हतं, आताही नव्हतं, तरी त्या नसलेल्या मुलाचं डोकं तिला खिडकीच्या काचेत दिसत राहिलं. घरी गेल्या गेल्या तिनं ते पान उघडलं, खाली वाचकांनी मत लिहायची जागा होती तिथे मराठीत एकच शब्द लिहिला, 'चंदर?' दुसऱ्या दिवशी तो शब्द तिथे नव्हता. तिनं पुन्हा लिहिला, या वेळी खाली 'अक्का' असंही. दुपारी तोही पुसलेला. बाकीच्या लोकांनी लिहिलेलं फालतू, शिवराळ सगळं तिथेच होतं. पुसलं गेलं ते फक्त तिचं.

पुसलं जाणार हे तिला कळायला हवं होतं. २००३ साली चंदर एका खाजगी कॉलेजात परीक्षा विभागात कामाला होता, आणि तिथली प्रश्नपत्रिका फुटली. ज्या रविवारी संध्याकाळी कपाट उघडलं गेलं असा संशय होता, त्या संध्याकाळी तो कुठे होता हे विचारायला चौकशी समितीचे मुकुंदराव घरीच आले. ओळखीचे गृहस्थ, बाबांच्या कोर्टातले. आदल्या दिवशी चंदर तिला गच्चीवर म्हणाला होता, "अक्का, मी सहापासून घरीच होतो म्हण. बाकी काही विचारू नको." तिनं हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. मुकुंदरावांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि विचारलं. बाबा, एकनाथराव, चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस, आरामखुर्चीतून म्हणाले, "जे पाहिलंस तेच सांग, बेटा." आणि तिच्या डोळ्यांपुढे ती संध्याकाळ लख्ख उभी राहिली. तिला जे दिसलं ते तिला कधी पुसता आलंच नाही. "साडेनऊला आला," ती म्हणाली. "घड्याळाकडे मी बघितलं होतं. चपला ओल्या होत्या, दाराबाहेरच काढल्या." मुकुंदरावांनी तेवढंच लिहून घेतलं. ओल्या चपला त्यांनी विचारल्याही नव्हत्या. चंदर दाराच्या चौकटीत उभा राहून ऐकत होता. नोकरी आठवड्यात गेली, पोलीस दोनदा येऊन गेले. "कुठे होतास तू?" तिनं त्याला विचारलं होतं. तो बूट घालत होता. "तुला सांगून काय करू," तो म्हणाला, "तू तेही सांगशील." महिन्याभरानं तो गेला. आठ महिन्यांनी छापखान्यातला माणूस पकडला गेला, चंदरचा संबंध नाही असं कॉलेजचं पत्र आलं, आणि ते द्यायला चंदर नव्हता. त्या संध्याकाळी तो कुठे होता हे तिला आजवर कळलेलं नाही.

पान दर सोमवारी वाढायचं. रविवारचा भाग संपला की दुसऱ्या दिवशी त्यातल्या चुका. लीला सोमवारची वाट बघू लागली, आणि एका सोमवारी पानावर काहीच आलं नाही, कारण भागात चूक नव्हती. तिनंच नीट तपासला होता. त्या दिवशी ऑफिसच्या संडासात दार लावून ती बराच वेळ उभी राहिली. चूक नसेल तर चंदर बोलणार नाही. हे तिनं मनात शब्दांत म्हटलं आणि त्याच क्षणी आपण काय करणार हे तिला ठाऊक झालं, जसं ताप येणार हे आधी दातांना कळतं. बारीक दुरुस्ती परत पाठवण्यापेक्षा चेकरनं स्वतःच करावी अशी स्टुडिओत पद्धत पडली होती. सगळ्या फाइली तिला उघडता यायच्या. दोन दिवसांनी एका दृश्यात नभवीरच्या दारावरचा नंबर तिनं बदलला. मागच्या दृश्यात ११२ होता, इथे जामबागच्या घराचा नंबर आला. नीट अक्षर काढलं. मग तीन आठवडे थांबायचं होतं, कारण तिच्या टेबलावरून गेलेला भाग टीव्हीवर यायला तेवढा वेळ लागायचा. ते तीन आठवडे तिला आठवत नाहीत. बंद झाले, मोर्चे झाले, बाबांचं औषध संपलं आणि आणायचं राहिलं. तिसऱ्या सोमवारी पानावर आलं: 'बांगडी एकोणीस. दारावरचा नंबर बदलला.' बस्स. नंबर कुठला ते नाही. तिनं ते वाक्य इतक्यांदा वाचलं की त्यातली अक्षरं सुटी झाली. त्यानं नंबर ओळखला नसेल हे शक्यच नव्हतं. त्या नंबराखाली उभं राहून त्यानं लहानपणी पतंगाचा मांजा सुकवलेला होता.

मग तिनं वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या दृश्यात भिंतीवरचं घड्याळ बदललं. आधी सहा वाजलेले, आणि संभाषण न तुटता पुढच्या दृश्यात साडेनऊ. पुन्हा तीन आठवडे. त्या सोमवारी ती ऑफिसला गेलीच नाही, सकाळपासून संगणकासमोर बसून राहिली. दुपारी दोनला आलं. 'बांगडी तेवीस. घड्याळात सहा होते, इथे साडेनऊ. मधले साडेतीन तास कुठे गेले?' लीलानं तोंडावर पदर दाबून धरला, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांना मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, तरीही. प्रश्नचिन्ह तिच्यासाठी होतं. बाकी कुठल्याच चुकीपुढे ते नव्हतं. दहा वर्षांनी तो तिच्याशी बोलला होता आणि जे बोलला ते तिचंच होतं, तिनंच विचारलेलं. आता थांबणं तिच्या हातात राहिलं नाही. दाराशी चपलांचा जोड, आधी नसलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारची तारीख. एका रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर काचेचे तुकडे. गच्चीवर अडकलेला एक पतंग. चंदर प्रत्येक चूक नोंदत गेला, कोरडेपणानं, एका ओळीत, आणि प्रश्नचिन्ह पुन्हा आलं नाही. शेवटी, डिसेंबराच्या मध्यावर, तिनं बाजाराच्या दृश्यातल्या 'लक्ष्मी टेलर्स' या पाटीवर 'अक्का टेलर्स' लिहिलं. यापुढे जाऊन काय लिहिता येईल हे तिला सुचत नव्हतं.

हिम्मतराव तिच्या समोरच्या रांगेत बसायचे. अठ्ठावन्न वर्षांचे, परभणीकडच्या शेतकरी घरातले, लहानपणीच बापाबरोबर हैदराबादला आलेले. तरुणपणी सिनेमाचे भले मोठे बोर्ड रंगवायचे, परातीवर उभं राहून, असं ते सांगायचे. परात म्हणजे दोरांनी टांगलेली फळी. बोर्ड बंद पडल्यावर चाळिशीत संगणक शिकले आणि स्टुडिओत बॅकग्राउंड रंगवू लागले. आकाश, भिंती, दारं, पूल, घड्याळं. नभवीरच्या शहरात माणसांमागे जे जे होतं ते हिम्मतरावांचं होतं. दिवाळीच्या सुमाराला चॅनलकडून पत्र आलं: पाच महिन्यांत बॅकग्राउंडच्या अकरा चुका, प्रेक्षक हसताहेत, पुढच्या कामाचा विचार करावा लागेल. त्या अकरांतल्या पाच खरोखरच्या चुका होत्या, आणि बाकीच्या सहा तिच्या होत्या. राज्याची दोन झाल्यावर चॅनल हैदराबादेत काम ठेवील की नाही याची आधीच धाकधूक होती. अप्पारावांनी दार लावून घेतलं आणि लीलाला खुर्चीवर बसवलं. "मॅडम, आप चार हजार ड्रॉइंग देखते. दो-चार छूटते, मैं मानता. पर बनानेवाला तो बनाना नहीं ना गलत? नंबर, घडी, चप्पल, ये किसके लेयर में आते?" लीला म्हणाली, "बॅकग्राउंडमें." "बॅकग्राउंड कौन करता?" "हिम्मतराव." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती पुन्हा तशीच बोलली होती, विचारलं तेवढंच, खरं तेवढंच, आणि समोरच्या माणसानं पुन्हा तेवढंच लिहून घेतलं होतं.

हिम्मतराव भांडले असते तर बरं झालं असतं. ते दुपारी डबा न उघडता तिच्या टेबलाशी आले. "लीलाताई, एक विचारू का," ते हळू म्हणाले. "मी साडेनऊ केलेलं मला आठवतच न्हाई बघा. सहा केलेले आठवतात. काटे काढलेले आठवतात. आन् फाइल उघडून बघतो तर साडेनऊ. असं कसं होतंय?" तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. "होतं कधी कधी," ती म्हणाली. "डोळे दाखवून आलो कोठीच्या दवाखान्यात," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतो डोळे चांगलेत. मग डोस्क्याचं असंल. माझा मोठा भाऊ गेला तो असाच गेला, शेवटी बायकोला वळखंना." त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागले. दार निळंच होतं ना. पाच खिडक्याच सांगितल्या होत्या ना. रंग लावून झाला की खुर्ची मागे सारून लहान मुलासारखं बोट लावून मोजायचे, मग पुन्हा मोजायचे. लीला समोर बसून बघत होती. उठून चार पावलं जायचं होतं. सांगितलं तर चौकशी, चौकशी झाली की सगळ्या फाइली बंद, आणि अक्का टेलर्स अजून टीव्हीवर यायचं होतं. एवढं एक येऊ दे, असं ती रोज स्वतःला म्हणायची. डिसेंबरच्या तेवीस तारखेला हिम्मतरावांनी स्वतःच राजीनामा लिहून आणला. कुणी मागितला नव्हता. "माझ्यामुळं सगळ्यांचं काम जायला नको," ते अप्पारावांना म्हणाले. जाताना त्यांनी आपला कुंचला, बोर्डांच्या काळातला, कधीच न वापरता टेबलावर ठेवलेला, रुमालात गुंडाळून नेला.

अक्का टेलर्सचा भाग जानेवारीत लागला. सोमवारी पानावर चूक नोंदलेली नव्हती. पूर्वीच्या सगळ्या बांगड्या पुसल्या गेल्या होत्या आणि पांढऱ्या पडद्यावर मराठीत, पहिल्यांदाच मराठीत, दोन वाक्यं होती. 'मालिका बघणं सोडलं आहे. पान बंद.' लीलानं ते बंद करून पुन्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी उघडलं. आठवडाभर उघडत राहिली, आणि मग ते पान उघडेनासंच झालं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. फक्त घरातल्या वस्तू जागच्या जागी आहेत की नाही हे ती सारखी बघू लागली. तांब्या इथेच होता का. पडदा असाच सरकवलेला होता का. रविवारी संध्याकाळी बाबांच्या पायांना तेल लावता लावता तिनं त्यांना सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, एकेक वाक्य, कारण त्यांना तसंच ऐकू यायचं. चंदरचं पान, नंबर, घड्याळ, हिम्मतराव. "मी खरंच बोलले होते, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, जे पाहिलंस ते सांग." चौऱ्याऐंशी वर्षांच्या एकनाथरावांनी आढ्याकडे बघितलं. "म्हटलं होतं," ते म्हणाले. "चौकशीचा माणूस समोर बसलेला. मी वकील. दुसरं काय म्हणणार होतो मी? मला वाटलं, घरी होता म्हणशील. सगळ्याच म्हणतात. चाळीस वर्षं बहिणींचे बयान ऐकले कोर्टात. एक खरी बोलली नाही, आणि कुठल्या जज्जानं त्यांना वाईट म्हटलं नाही." तिचा तेलाचा हात थांबला. "मग मला तेव्हा का नाही बोललात?" "काय बोलणार," ते म्हणाले, "तू खरं बोलली होतीस." आणि त्यांनी पाय आखडून घेतले, थंडी वाजत असल्यासारखे. इतकी वर्षं तिला वाटायचं की आपण जे केलं त्याच्या मागे बाबा उभे आहेत. तिथे कुणीच नव्हतं. ती एकटीच बोलली होती.

अंबरपेठेत हिम्मतरावांच्या घरी ती फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी गेली ज्या दिवशी दिल्लीत वेगळ्या तेलंगणाचं बिल मंजूर झालं. संध्याकाळचे पाच वाजले होते. गल्लीत फटाके फुटत होते, पोरं गुलाबी रंग उडवत होती, तिच्या साडीच्या काठावर तो उडाला आणि कुणीतरी "जय तेलंगाना, अम्मा," म्हणून गेलं. हिम्मतरावांची बायको गंगू दारात आली, ओळखलं, आत घेतलं. हिम्मतराव पलंगावर बसले होते. दाढी वाढलेली, मांडीवर शाळेची वही. लीला उभ्यानंच बोलली. बसले तर बोलणार नाही हे तिला माहीत होतं. "घड्याळ मी बदललं होतं. तुम्ही सहाच काढले होते. दारावरचा नंबर मी बदलला, चपला मी ठेवल्या. माझ्या भावासाठी केलं. उद्या अप्पारावांना लिहून देणार आहे." बाहेर फटाक्यांची माळ लागली आणि संपली. मग हिम्मतराव म्हणाले, "परत सांगा." तिनं परत सांगितलं. गंगू चुलीकडून पुढे आली होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. "दोन महिने," ती म्हणाली, "दोन महिने हा माणूस दर तासाला वहीत घड्याळ काढतो आन् मला विचारतो, बरोबर हाय का. मी बरोबर म्हणलं तर माझ्यावर भरोसा ठेवत न्हाई. शेजारणीला बोलावून दाखवतो. ताई, तुम्ही रोज समोर बसत होता ना ह्यांच्या?" "हो," लीला म्हणाली. "रोज बघत होता?" "हो."

हिम्मतरावांनी हात वर करून बायकोला गप्प केलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, वहीकडे बघत होते. "भाऊ बोलला का मग?" त्यांनी विचारलं. "नाही," लीला म्हणाली, "त्यानं बंद केलं सगळं." त्यांनी मान हलवली. मग वहीचं मागचं पान उघडलं, आणि तिला दिसलं की तिथे चॅनलच्या पत्रातली यादी त्यांनी आपल्या हातानं उतरवून घेतली होती, अकरा ओळी. "नंबर तुमचा," ते म्हणाले आणि पेन्सिलीनं खूण केली. "घड्याळ. चपला. कॅलेंडर. काचा. हा गच्चीवरचा पतंग, तो पण?" "हो." "हे सहा झाले." ते थांबले. पेन्सिल सातव्या ओळीवर अधांतरी राहिली. "मग पाच माझ्याच," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "पाच तरी माझ्याच." गंगूनं भिंतीला हात टेकला. लीलानं ती यादी उलटी वाचली. पुलाचा कठडा. काजळनाथाच्या खिडकीतला चंद्र, आधी कोर मग पूर्ण. झाडाखालची हातगाडी. नववा मजला. देवळाचा कळस. त्या खरोखरच हिम्मतरावांच्या चुका होत्या, सहज होणाऱ्या, दरवर्षी दोन-चार होतातच अशा, आणि त्या तिच्याकडून बघायच्या राहिल्या होत्या. हे सांगता आलं असतं. खरं होतं, आणि त्यात समजूतही होती. तिला ती पेन्सिल दिसत होती, अजून अधांतरीच.

"नाही," ती म्हणाली. "अकराही माझ्याच."

हिम्मतरावांनी वर बघितलं. "चंद्र?"

"चंद्र मीच. कोर काढून मोठा केला. भावाला चंदर म्हणतो आम्ही घरी."

"हातगाडी?"

"जामबागच्या घरासमोर उभी असायची. तीच."

"नववा मजला?"

"आमच्या एका खेळातला होता. लहानपणच्या." तिला ऐकू येत होतं की आपण न अडखळता बोलतो आहोत. एकेक गोष्ट तयार होऊन जिभेवर येत होती, आणि प्रत्येकीसरशी पलंगावरच्या माणसाचे खांदे किंचित खाली उतरत होते. देवळाचा कळस झाला. हिम्मतराव शेवटच्या ओळीशी आले. "कठडा," ते म्हणाले. "पुलाचा. हा मी जीव तोडून आठवला ताई. तीन दांड्या काढल्या का चार, रात रात आठवला. हा कधी केला तुम्ही?"

"सप्टेंबरात," लीला म्हणाली. "पहिल्या शनिवारी. तुम्ही घरी गेल्यावर थांबले होते मी."

म्हणून झालं आणि मग तिला तो शनिवार आठवला. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी बंद होता. सगळं शहर बंद होतं, बस नाहीत, रिक्षा नाहीत, स्टुडिओ उघडलाच नव्हता. हिम्मतराव अंबरपेठेहून चालत गेले होते, कुलूप बघितलं होतं, आणि तिथूनच त्यांनी तिला फोन करून सांगितलं होतं, लीलाताई, येऊ नका, कुणीच नाही इथं. त्यांच्या वहीत ही तारीख असणारच. तीन महिने ज्यानं दुसरं काहीच केलं नाही, फक्त आठवत बसला, त्याला हा शनिवार आठवणार नाही असं होणं शक्य नव्हतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघत होते, सिनेमाचा बोर्ड जवळून बघताना बघतात तसे, एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, सावकाश.

"शनिवारी," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी पेन्सिल टेकवून अकराव्या ओळीवर खूण केली आणि वही मिटली. मग गंगूकडे मान वळवून, जरा मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणाले, "ऐकलंस का. अकराही यांच्याच."